बच्छाव सरांची गोळी

बच्छाव सरांसमोर खोकायची चोरी होती. स्टाफरूममध्ये कुणाला चहाचा साधा ठसका लागला, तरी सर हातातला पेपर बाजूला ठेवायचे, खुर्ची ओढत जवळ यायचे आणि म्हणायचे, "आ करा." समोर शिपाई असो की प्राचार्य. शर्टाच्या खिशात इतर प्राध्यापक पेन ठेवतात तिथे यांचा छोटा टॉर्च असायचा आणि रुमालात गुंडाळलेला स्टीलचा चमचा. चमच्याच्या दांड्याने जीभ दाबायची, टॉर्च मारायचा, आणि "नुसता लाल आहे, गुळण्या करा" किंवा "पांढरे ठिपके दिसतायत, आजच्या आज डॉक्टर गाठा" असा निकाल द्यायचा. फी नाही, पण सुटकाही नाही.

एकदा कॉलेजात तपासणी समिती आली होती. समितीचे अध्यक्ष बोलता बोलता दोनदा खाकरले. प्राचार्यांनी सरांकडे डोळे वटारून पाहिलं. सरांनी चहा संपेपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग व्हायचं ते झालंच. शेवटी ते अध्यक्ष खिडकीच्या उजेडात तोंड वासून उभे, आणि आमचे सर टाचा वर करून आत डोकावतायत. प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. अध्यक्ष मात्र जाताना सरांचा पत्ता घेऊन गेले.

मी तेव्हा, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला, नाशिकच्या त्या फार्मसी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. म्हणजे जंतू वाढवायचे आणि मारायचे, दोन्ही माझ्याकडे. बच्छाव सर औषधी वनस्पती शिकवायचे. सटाण्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. अंगाने काटकुळे, रंगाने सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पायात बारा महिने चपला. वर्गात शुद्ध बोलायचे, पण आनंद झाला किंवा राग आला की अहिराणी बाहेर पडायची. एखादा विद्यार्थी मागे हात लपवून काही चघळत असला की "दखाड, काय शे?" म्हणजे 'दाखव, काय आहे?' असा आवाज यायचा आणि मुलं हसून लोळायची.

त्यांची शिकवायची पद्धत एकच, चव. सुंठ, काडेचिराईत, ज्येष्ठमध, पिंपळी, जे जिभेवर ठेवण्याजोगं असेल ते मुलांना चाखावंच लागायचं. काडेचिराईताच्या दिवशी वर्गात रडारड व्हायची. "डोळ्याला चष्मा लागतो, नाकाला सर्दी होते," सर म्हणायचे, "जीभ मात्र फसत नाही." रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानदारांनी तर त्यांचा धसकाच घेतला होता. सर पोत्यातली काडी उचलायचे, दातांनी तोडायचे, डोळे मिटून चघळायचे आणि "ही मागच्या पावसाळ्यातली, भिजलेली" असं भर गिऱ्हाइकांत सांगायचे. त्यांचा लाडका म्हणजे अक्कलकारा. या मुळीचा तुकडा जिभेवर ठेवला की आधी मुंग्या येतात, तोंडाला पाणी सुटतं आणि मग जीभ बधिर होते. बनावट असेल तर काहीच होत नाही. अस्सल अक्कलकारा सापडला की सर दुकानाच्या पायरीवर रुमालाने लाळ पुसत उभे राहायचे आणि बोबड्या आवाजात "अश्शल!" म्हणायचे. मी त्यांना यावरून फार चिडवलं आहे.

घशाचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. प्रयोगशाळेत खलबत्त्यात काहीतरी कुटत होते, मान खाली होती.

"मला एक धाकटी बहीण होती, मॅडम. कमल. नऊ-दहा वर्षांची असेल तेव्हा तिचा घसा आला. आईने हळद-गुळाची गोळी केली, ती चघळली, बरं वाटलं. पोर खेळायला लागली. मग काही दिवसांनी गुडघा सुजला. तो उतरला तर दुसरा सुजला. आम्हाला वाटलं, झाडावरून पडली असेल. पुढे दम लागायला लागला. विहिरीवरून घरापर्यंत येताना तीनदा बसायची. सोळाव्या वर्षी गेली."

मला ते दुखणं पुस्तकातून पाठ होतं. घशातला एक विशिष्ट जंतू, वेळेवर मारला नाही तर शरीराचंच शरीराशी भांडण लागतं. आधी सांधे धरतात, मग हृदयाच्या झडपा. आपल्याकडे गरिबाघरच्या पोरांत सर्रास. पेनिसिलिनने टळतं. पण सरांच्या तोंडून ते ऐकताना पुस्तकातलं काही आठवेना. ते कुटत राहिले.

"जिथं डॉक्टर नाही, तिथं पोरांना चघळता येईल अशी गोळी पाहिजे," ते म्हणाले. "घशातच जंतू मारणारी. गोड. पोरं मागून घेतील अशी."

ही त्यांची गोळी. पुढची काही वर्षं त्यांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं.

पहिला प्रयोग त्यांनी घरी केला. साखरेचा कडक पाक करून त्यात तुळशीचा आणि लवंगेचा अर्क ओतला आणि गोळ्या पाडल्या. मी योगायोगाने त्या दिवशी त्यांच्या घरी गेले होते. सगळी गल्ली घमघमत होती, ओटा चिकट झाला होता, आणि वहिनी पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या. "आते हाई घर शे का कारखाना?" असं त्या विचारत होत्या आणि सर ऐकू येत नसल्यासारखं ढवळत होते. दुसऱ्या दिवशी त्या गोळ्या मी तपासल्या. जंतूवर शून्य परिणाम. उकळत्या पाकात पडल्याबरोबर तेलं उडून गेली होती. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे औषध सगळं माझ्या भिंतींनी खाल्लं. माझ्या भिंतींना आता कधी खोकला होणार नाही." सर त्यावर इतके हसले की मलाच धीर आला.

मग त्यांनी पाक सोडला. पिठीसाखर, बाभळीचा डिंक, वनस्पतींची चूर्णं आणि अर्क असं सगळं थंडच मळायचं, सावलीत वाळवायचं आणि कॉलेजच्या जुन्या यंत्रावर दाबून गोळ्या काढायच्या. ज्येष्ठमध, कंकोळ, हळद, तुळस, लवंग. प्रमाणं बदलत राहायची. कधी गोळी तोंडात ठेवताच भुगा व्हायची, कधी इतकी टणक की खडा चघळल्यासारखं वाटायचं. प्रत्येक खेपेला चाखायला आम्ही सगळे होतोच. माझी त्या काळातली जीभ कायम पिवळी असायची.

माझं काम थाळ्यांचं. खाटकाकडून मेंढीचं रक्त आणायचं, ते मिसळून काचेच्या थाळ्या ओतायच्या आणि त्यांवर घशातला तो जंतू पसरायचा. हा जंतू रक्त फोडतो. रात्रभरात लालभडक थाळी पिवळट पडते. पण मध्ये ठेवलेल्या औषधाने जंतू मेला, तर त्याच्याभोवती तेवढं लाल कडं शिल्लक राहतं. कॉलेज उघडायच्या आधी सर माझ्या प्रयोगशाळेच्या दारात हजर असायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न, "कडं पडलं?"

बरेच महिने नाहीच पडलं. आणि एका सकाळी पडलं. चांगलं बोटभर रुंद, गोल, लाल. सरांनी थाळी दोन्ही हातांत धरली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली. नंतर चष्मा काढून पुसत बसले. मीही आनंदाने येडी झाले होते, खोटं कशाला बोलू. पण माझं शास्त्र मला गप्प बसू देईना.

"सर, थाळी म्हणजे घसा नव्हे. थाळीत थुंकी नसते, गिळणं नसतं. इथे गोळी रात्रभर एका जागी बसून आहे. तोंडात ती पाच मिनिटांत पोटात जाते."

"म्हणून तर जास्त वेळ टिकणारी करतोय," ते म्हणाले.

"माणसांवर रीतसर तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही."

"करू ना. सगळं करू." आणि थाळी परत उजेडात धरली.

त्याच सुमारास त्यांनी गोळीत अक्कलकारा घातला. जंतूसाठी नव्हे. "पोरांना कळायला नको का, औषध काम करतंय ते?" असं त्यांचं म्हणणं. मुंग्या आल्या की पोरांना मजा वाटेल, आणि घसा दुखायचा थांबला की पोर घासभर जेवेल. चवीच्या माणसाला यात काय खटकणार? मलाही खटकलं नाही. वनस्पतीच त्या, त्यांनी कुणाचं काय वाईट होणार, असाच तो काळ होता.

कॉलेजचं हिवाळी शिबिर त्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका गावी होतं. गावाला लागून निवासी आश्रमशाळा. एका लांबलचक पत्र्याच्या खोलीत शेदीडशे मुली शेजारी शेजारी झोपायच्या. एकीचा घसा आला की आठवड्यात ओळच्या ओळ खोकायची. सरांनी सगळ्यांना "आ" करायला लावलं आणि दुखरे घसे निवडून गोळ्या वाटल्या. मुलींनी आधी शंकेने जीभ लावली आणि मग एकच गलका झाला. पाचवीतली एक बारकी, चुणचुणीत मुलगी पुढे आली. यमुना तिचं नाव. तोंडातली गोळी गालात सारून म्हणाली, "सर, जीभ नाचती!"

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी तिला आणखी एक गोळी दिली.

मग शिबिर संपलं तरी सरांचं पेठला जाणं संपेना. महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.ने गोळ्यांचे डबे घेऊन जायचे. आश्रमशाळेच्या अधीक्षिका बाई एकदा कामासाठी नाशिकला आल्या, तेव्हा मुद्दाम कॉलेजात येऊन भेटल्या. "सर, काय जादू केलीत? आमच्या पोरी आता घशाची तक्रारच करीत नाहीत," त्या म्हणाल्या. ते वाक्य सरांनी पुढे कितीजणांना सांगितलं असेल. मलाच चारदा सांगितलं. "तक्रारच नाही, मॅडम. एकीचीही नाही."

बातमी फिरत फिरत अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारापर्यंत गेली. हसतमुख, गोड बोलणारा माणूस. त्याने सरांसमोर डबीचे नमुने मांडले. हिरव्या डबीवर तुळशीचं पान आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'जंतुनाशक'. प्राचार्य खूश, संस्था खूश. सरांना पैशाचं फारसं काही नव्हतं, पण गोळी गावोगाव जाणार म्हणून तेही हवेत होते. त्यांची एकच अट होती, आश्रमशाळांना ती फुकट मिळाली पाहिजे. कारखानदार लगेच हो म्हणाला.

पावसाळ्यात सर डबे घेऊन पेठला गेले आणि यमुना शाळेत दिसली नाही. "आजारी होती, बापाने घरी नेली," असं कळलं. तिचा पाडा तिथून दोन डोंगर पलीकडे. सर चिखल तुडवत तिथे पोचले. पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, तुटक तुटक, एका बैठकीत नाही.

यमुना ओटीवर घोंगडीवर पडली होती. बाप शेतात भाताची आवण लावून नुकताच आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, "काय नाय सर, गुडघा सुजला व्हता. तो बरा झाला. आता ह्यो दुसरा सुजला. पडली आसंल कुठं."

सरांनी गुडघ्याला हात लावला, तो भाजत होता. छातीला कान लावला.

"यमुना, घसा दुखला होता का गं?"

"दुखला व्हता. लय दुखला व्हता."

"मग बाईंना सांगितलं नाहीस?"

"गोळी चोखली की कायच कळत नाय ना. मंग कशाला सांगायचं?"

जीप मिळवून त्यांनी त्या मुलीला नाशिकला आणलं, सरकारी दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हृदयाची झडप धरली आहे. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. चुकवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या प्रयोगशाळेत आले. त्या दिवशी "कडं पडलं?" असं विचारलं नाही. स्टुलावर बसले आणि खिशातून अक्कलकाऱ्याचा तुकडा काढून जिभेवर ठेवला. मग जड जिभेने म्हणाले, "आईची हळद-गुळाची गोळी चघळूनही कमलला बरंच वाटलं होतं, मॅडम. बरं वाटलं म्हणून तर कुणी पाहिलं नाही. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. आणि मी तीच गोळी केली. तिच्याहून चांगली केली."

मग आम्ही काम केलं, दुसरं काय करणार. अक्कलकारा वगळून गोळी थाळीत ठेवली, कडं होतं तेवढंच पडलं. नुसता अक्कलकारा ठेवला, कडं पडलंच नाही. जंतूला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मग आम्ही दोघं आश्रमशाळेत गेलो. सोबत दवाखान्याचे डॉक्टर होते. दुखऱ्या घशांतून कापसाच्या काडीवर नमुने घेतले, गोळी चघळायच्या आधी एक, नंतर एक. नाशिकला आणून थाळ्यांवर लावले. सकाळी जिची आधीची थाळी पिवळी, तिची नंतरचीही पिवळीच. गोळीने मुलींचा घसा गप्प केला होता, जंतू जागच्या जागी होता. ज्या मुलींच्या घशात तो सापडला, त्या सगळ्यांना डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, म्हणून निदान त्या वाचल्या. आणि "तक्रारच करीत नाहीत" हे वाक्य सरांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

कारखानदाराला त्यांनी नकार दिला, तेव्हा मी तिथेच होते. त्याला आधी वाटलं, सर भाव वाढवतायत.

"सर, तुम्ही फार मनाला लावून घेताय. आपण डबीवर छापू, दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. झालं?"

"दोन दिवसांत बरं वाटतं हो!" सर ओरडलेच. "बरंच वाटतं! तेच तर दुखणं आहे!"

"घशाला आराम पडतो ना? लोकांना तेच हवं असतं."

"मोठ्या माणसांनी खुशाल खावी. भाषण करणाऱ्यांनी खावी. पण ही पोरांच्या हातात पडणार, आणि वर तुम्ही जंतुनाशक लिहिणार."

प्राचार्यांनी मध्ये पडून पाहिलं. सर बधले नाहीत. तो माणूस नमुने गोळा करून शांतपणे निघून गेला, आणि वर्षाच्या आत त्याने तशीच गोळी दुसऱ्या कुणाकडून करून घेतली. अक्कलकारा सरांच्या गोळीपेक्षा जास्त. हिरवी डबी, तुळशीचं पान, सगळं तेच. मेडिकलच्या काउंटरवर, किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर डब्या दिसू लागल्या. सर दुकानादुकानातून जाऊन सांगत फिरले, "लहान मुलाचा घसा दुखत असेल तर ही देऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा म्हणावं." दुकानदार माना डोलवायचे. सर पायरी उतरले की हसायचे. पूर्वी ते लाळ पुसत पायरीवर उभे राहायचे तेव्हाही हसायचे, पण ते हसणं वेगळं होतं. संस्थेतही त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले. हाता-तोंडाशी आलेला घास घालवणारा माणूस म्हणून.

यमुनाच्या बापाला सगळं खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मी सोबत गेले, कारण वहिनी म्हणाल्या, "ते एकटे गेले तर मला झोप यायची नाही." ओटीवर बसून सरांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. माझ्या गोळीमुळे हिचं दुखणं झाकलं गेलं, माझ्यामुळे हिच्या हृदयाला इजा झाली. बाप उकिडवा बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"सर," तो म्हणाला, "तुमी गोळी तरी दिली. बाकी आमच्या पोरींला कोन काय देतं?"

निघताना त्याने सरांच्या हातात नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी दिली. सरांना ती घेववेना आणि नाही म्हणवेना. परतीच्या एस.टी.त पिशवी मांडीवर ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले होते. घाट उतरताना एकदम म्हणाले, "मला कुणीतरी शिवी द्या हो, मॅडम." मला रडू आलं. ते त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

यमुनाची इंजेक्शनं हाच मग त्यांचा धर्म झाला. ते इंजेक्शन फार दुखतं, माणूस दोन दिवस लंगडतो. त्यामुळे पोरी पळ काढतात, आईबाप विसरतात. सरांनी तिला एकदाही विसरू दिलं नाही. सुट्टीत ती त्यांच्याच घरी असायची. वहिनी तिला अहिराणी शिकवायच्या आणि ती वहिनींना नागलीची भाकरी थापायला. सर तिच्यावर माया करायचे, पण मोकळं हसायचे नाहीत. जिना चढताना ती मागे राहिली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "थांबत थांबत ये," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर पेठकडच्या आश्रमशाळांमध्ये जाऊन मुलींचे घसे बघायचे आणि लाल दिसला की कुणाचं काही न ऐकता थेट दवाखाना. गोळीचं यंत्र कॉलेजात गंजलं.

माझं त्यांचं शेवटचं भेटणं झालं ते सरकारी दवाखान्यातच. मी एका नातेवाइकाला बघायला गेले होते. बाहेरच्या बाकावर सर. खूप वाळले होते, काठी आली होती. शेजारी पातळ नेसलेली, कडेवर घेण्याजोगी सडपातळ बाई. यमुना. लग्न झालं होतं. बाळंतपणात जिवावर बेतलं होतं, पण वाचली, आणि मुलगा झाला, तो आता चार वर्षांचा. इंजेक्शन नुकतंच घेतलं होतं, एका अंगावर कलून बसली होती.

"बाई, मला वळखलं का?" ती हसली. मग सरांकडे बोट दाखवून म्हणाली, "सर अजून म्हनतात, गोळीनं झालं. आवो, गोळीनं कसं व्हईल? ती तर किती ग्वाड व्हती. तेवढी ग्वाड गोळी मला परत कुनी दिली नाय."

सर जमिनीकडे बघत होते.

"म्या सरांला म्हनते, माज्या पोरासाठी करा की थोडी. त्याचा पन मागच्या हप्त्यात घसा दुखत व्हता."

सरांनी मान वर केली. "कुणाचा?"

"बाळाचा. लय रडायचा, गिळता येईना. पन आता बरा हाय. सासूनं दुकानातून हिरव्या डबीतली गोळी आनली. तवापासून गप हाय. खेळतो."

सर उठले. काठी बाकालाच राहिली. "कुठंय तो?"

"घरी. पाड्यावर. काय नाय सर, बरा हाय म्हनलं ना—"

"चल."

"सर, निदान आज सांगून ठेवते मी तिथल्या दवाखान्यात," मी म्हटलं. "ते नमुना घेऊन पाठवतील, मी थाळी लावते. उद्या कळेल आपल्याला."

"उद्या नको, मॅडम," ते म्हणाले. आवाज शांत होता. "मी त्याला आजच दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यायला लावतो."

मी काठी घेऊन त्यांच्या मागे धावले. फाटकाबाहेर त्यांनी रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली होती आणि "पेठ नाका, लवकर" असं ओरडत होते. रिक्षावाला भाडं सांगत होता, ते ऐकत नव्हते. यमुना लंगडत, धापा टाकत मागून येत होती आणि वाटेत दोनदा थांबली. ती येईपर्यंत ते रिक्षाचा दांडा धरून उभे राहिले. तिला आत बसवलं, स्वतः चढले. काठी त्यांनी माझ्याकडून घेतलीच नाही.